जड लागलेलं विमान

त्या दुपारची चूक माझ्या बोटांची होती, हे आधीच सांगून टाकते. उड्डाणाआधी विमानाचं वजन संगणकात भरावं लागतं. कागदावर एकाखाली एक दोन आकडे असतात, एक इंधनाशिवायचा आणि दुसरा इंधन धरून. मी वरचा भरला. संगणकाच्या लेखी आमचं विमान कित्येक टनांनी हलकं झालं.

हा हिशेब दोन्ही वैमानिकांनी आपापला करायचा आणि मग ताडून पाहायचा, असा नियम आहे. पण त्याच वेळी सामान भरणाऱ्यांपैकी एक जण काहीतरी विचारायला कॉकपिटच्या दारात आला. कॅप्टन त्याच्याशी बोलत राहिले. आधीच उशीर झाला होता, म्हणून त्यांनी माझ्याच पडद्यावरचा आकडा पाहून आपल्या टॅबलेटवर उतरवला. दोन्ही आकडे जुळले, आणि जुळणारच होते.

मग संगणकानं त्या हलक्या विमानाला पुरेल एवढाच जोर इंजिनांना ठरवून दिला. किती वेगापर्यंत थांबता येईल आणि कुठल्या वेगाला नाक उचलायचं, तेही त्यानंच ठरवलं. घंटा वाजली नाही, लाल दिवा लागला नाही. यंत्राच्या दृष्टीनं काही चुकलेलंच नव्हतं.

विमान कॅप्टन चालवत होते. वेगाचे आकडे पुकारणं माझं काम. धावपट्टीवर धावू लागलो आणि थोड्याच वेळात मला वाटलं, सीट पाठीला रेटत नाहीये. नेहमी रेटते तशी नाही. आकडे चढत होते, पण आळसावल्यासारखे. मी पडद्याकडे पाहिलं. सगळं ठरल्याप्रमाणे. मी गप्प राहिले.

त्या गप्प राहण्याबद्दल मी नंतर फार विचार केला. कमी वेगात असताना नुसती शंका आली तरी थांबता येतं. वेग वाढला की थांबायला तसंच मोठं कारण लागतं, आणि एका ठरावीक वेगानंतर थांबायचंच नसतं. म्हणजे मी गप्प राहिले ते नेमके बोलायचे क्षण होते. प्रशिक्षणात आम्हांला अशा अपघातांचे अहवाल वाचायला देत. चुकीचं वजन, अपुरा जोर, संपत आलेली धावपट्टी. वर्गात आम्ही सगळे म्हणायचो, यांना कळलं कसं नाही? आता मला माहीत आहे. कळतं. पण समोरचा पडदा ठामपणे काही सांगत असतो, आणि आपल्याजवळ फक्त पाठीला लागलेली एक शंका असते.

धावपट्टीचा बराच भाग मागे गेल्यावर माझ्या तोंडून निघालं, "कॅप्टन, जड आहे. पूर्ण जोर द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. इंजिनांचे दांडे तसेच पुढे ढकलले. इंजिनांचा आवाज बदलला, सीटनं पाठ रेटली आणि आम्ही उचललो. धावपट्टीचं टोक चाकांच्या फार खालून गेलं नाही. मागे बसलेल्या कुणालाही काही कळलं नाही.

वर गेल्यावर कॅप्टननी दोन्ही आकडे पुन्हा पाहिले.  मग म्हणाले, "तू चुकीचं भरलंस. मी बघितलंच नाही. दोघांचं लिहू."

उतरल्यावर आम्ही दोघांनी तसंच लिहून दिलं. चौकशी संपेपर्यंत दोघांनाही घरी बसवलं. मी आरमोरीला, आईबाबांकडे आले.

धान कापणीचे दिवस होते. बाबांनी बाजारात उभा जन्म मापारी म्हणून काढला. काट्यावर धानाचे कट्टे, म्हणजे पोती, चढवायचे, वजन पुकारायचं. आता खांदा गेलाय, म्हणून घरीच असतात. दोन दिवस मी सुट्टी असल्याचं सांगितलं. तिसऱ्या सकाळी अंगणात बसून ते तांदूळ निवडत होते, तेव्हा सगळं सांगून टाकलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मशीननं काई सांगतलं नाई?"

"आपण भरू तेच ते खरं धरतं, बाबा."

"आन तुले कवा समजलं?"

"लवकरच. पण बोलले उशिरा."

"काऊन?"

मी खाली ठेवलेल्या सुपातले खडे वेचू लागले.  बाबा म्हणाले, "मले बी एकदा असंच झालं होतं, बाई. नवीन इलेक्ट्रॉनिक काटा आला होता. तिसऱ्या-चौथ्या कट्ट्यालेच हाताले समजलं, काटा कमी दाखवून राह्यला. हात सांगे जड, काटा सांगे हलका. मी काट्याचंच पुकारत गेलो. दुपारपर्यंत."

"मग?"

"मंग आतल्या गावचा एक म्हातारा आला. वजन ऐकलं आन माह्याकडं पाहत राह्यला.  तवा मी काटा बंद करायले लावला. पण सकाळचे लोक निंगून गेले होते. काई जणाईची गावं मले मालूम होती, सायकलनं जाऊन सांगून आलो. बाकीचे सापडलेच नाई."

हे त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. "मले काऊन नाई सांगतलं?" ती म्हणाली. बाबा म्हणाले, "लाज वाटे." त्या दिवशी जेवताना आई त्यांच्याशी बोलली नाही. मला मात्र किती दिवसांनी नीट भूक लागली होती.

चौकशीत आमची चूक नोंदवली गेली, आणि वेळेवर कळवल्याचंही नोंदवलं गेलं. सिम्युलेटरवर पुन्हा परीक्षा झाली. तिथल्या प्रशिक्षकानं मला न सांगता तसंच चुकीचं वजन भरून ठेवलं होतं. या वेळी मी सुरुवातीलाच ओरडले आणि आम्ही थांबलो. 

कॅप्टन त्यानंतर वर्षभर उडाले आणि निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी फोन केला, इकडचं तिकडचं बोलले, त्या दुपारचा विषय काढला नाही.

आता वजन भरण्याआधी मी मनाशी एक ढोबळ अंदाज बांधते आणि मोठ्यानं सांगते. काही कॅप्टनांना ते आवडतं, काहींना वेळेचा अपव्यय वाटतो. मागच्या उन्हाळ्यात एकदा धावपट्टीवर मला पुन्हा जड लागलं. मी लगेच बोलले, आम्ही थांबलो, परत जागेवर आलो. तपासलं तर सगळं बरोबर होतं. गरम हवेत विमान तसंही सावकाश धावतं. प्रवासी चिडले, कॅप्टनही चिडले. "पुढच्या वेळी नीट विचार करून बोल," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. पण तेवढा विचार करायला तिथे वेळ असतो का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.