रविवारचा दात

त्याला सगळे कवळीवालाच म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडून रुग्णांच्या जबड्यांचे ठसे यायचे, आणि हा मागच्या खोलीत मेण, प्लास्टर, घासायचं चक्र घेऊन दिवसभर मान मोडून बसायचा. हात मोठा कसबी. त्याची कवळी लावून म्हातारी माणसं शेंगदाणे फोडायची.

संसार मात्र त्याला धड जमला नाही. चूक कोणाची म्हणाल, तर टाळी एका हाताने वाजत नाही. दोन वर्षांपूर्वी बायको लेकीला घेऊन वेगळी झाली आणि कोर्टाने याच्या पदरात रविवार टाकला, दहा ते पाच. सहा वर्षांच्या पोरीचा आठवड्याला सात तासांचा बाप! शाळेचा पहिला दिवस त्याला फोनवर कळला. सायकल शिकली ती फोटोत दिसली.

त्या रविवारी ती दारातूनच ओरडत आली, "बाबा, माझा दात हलतोय!"

खालचा, पुढचा, पहिलावहिला. याच्या नजरेला एवढंसं पुरे होतं. अजून चार-पाच दिवस तरी. म्हणजे पडणार तो तिकडे, आईकडे. एवढा एक दात तरी आपल्या घरी पडावा, बस्स.

मग त्याने सफरचंद न चिरता अख्खंच दिलं. मग मक्याचं कणीस दिलं. मग चिवट टॉफी, जी तो एरवी शेजारच्या पोरांनाही खाऊ देत नसे. दात कसला पडतोय! साडेतीनला त्याचा धीर सुटला.

"बबडी, आ कर बघू."

"ओढणार नाही ना?"

"नाही गं. नुसतं बघतो."

ती किंचाळली तेव्हा दात त्याच्या चिमटीत होता. फ्रॉकवर रक्त. आपसूक पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ जवळजवळ उरत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? याला अजून मूळ शिल्लक होतं. त्याला स्वतःची किळस आली.

"मला घरी जायचंय," ती रडत म्हणाली.

"अगं, हेही घरच आहे ना तुझं?"

ती तोंडात कापूस धरून पाच वाजेपर्यंत दाराकडे बघत बसली.

पाचला आई आली. "अगंबाई, दात पडला? कसा गं?"

कवळीवाल्याने लेकीकडे पाहिलं. हे वकिलाच्या कानावर गेलं की रविवारही गेला.

"आपोआप," लेक म्हणाली. "कणीस खाताना."

"दुखलं? रडलीस?"

"नाही."

पापणीही लवली नाही पोरीची. एवढं सफाईने बोलायला कोणी शिकवलं हिला? इथलं तिथे सांगायचं नाही, तिथलं इथे सांगायचं नाही. दोन वर्षांत आईबापांनी मिळून केलेलं हे एकच काम.

जिना उतरताना तिने एकदा मागे वळून पाहिलं. नीट सांगितलं ना, एवढंच तिला विचारायचं होतं.

त्याने मान डोलावली.