भास्करने हात वर केला

आमच्या टीममधला सगळ्यात उंच माणूस सगळ्यात जास्त वेळ बसून असायचा.

भास्कर आज पहाटे गेला.

सकाळपासून ग्रुपवर जुने फोटो पडतायत. प्रत्येक फोटोत बॉल माझ्या हातात. भास्कर कुठे आहे ते शोधावं लागतं.

सहा फूट पाच इंचांचा माणूस शोधावा लागतो, यावरून आमची फोटोग्राफी आणि आमचे स्वभाव, दोन्ही कळतील.

बास्केटबॉलमध्ये मी मेन सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा. तो माझा बॅकअप. आधी कॉलेजात, मग क्लबात.

मी दमलो की तो आत यायचा. जाताना स्वतःचा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचा, "बस. दम खा."

त्याचा खेळ बघायला कुणी तिकीट काढलं नसतं. उडी बेताची. हूक शॉट म्हणजे बादलीतलं पाणी अंगणात भिरकावल्यासारखा. बोर्डाला लागला तरी आम्ही टाळ्या वाजवायचो.

पण बास्केटखाली तो पाय रोवून उभा राहिला, की नाशकात द्वारकेच्या चौकात ट्रक बंद पडलाच म्हणून समजा.

वळसा घालून जा. हॉर्न वाजवून उपयोग नाही.

रिबाऊंडला, म्हणजे हुकलेला बॉल परत येताना, तो स्वतः उडायचा नाही. समोरच्याला उडू द्यायचा नाही. बॉल आमच्यातल्या कुणाच्या तरी हातात अलगद पडायचा, आणि तो कुणीतरी दुसऱ्या दिवशी पेपरात झळकायचा.

नाशिक रोडला आमची एक फायनल होती. त्याचे वडील, अण्णा, कळवणहून एसटीने पहिल्यांदाच मॅच बघायला आले. पोरगा बेंचवर दिसेल हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

हाफ टाइमच्या आत मी चार फाऊल करून बसलो. पाचवा झाला की बाहेर. कोच सरांनी भास्करला उठवलं.

समोरचा सेंटर चांगलाच आडदांड. भास्करने त्याला अंगावर घेतलं. छाती लावून, कंबर लावून रेटत राहिला.

अण्णा उभेच. मागचे लोक बसा बसा म्हणत होते. ते कसले बसतायत.

शेवटची मिनिटं. स्कोअर बरोबरीत. आयुष्यात पहिल्यांदा मॅच भास्करच्या हातात, आणि बाप समोर.

भास्करने बेंचकडे बघून हात वर केला. चेंज मागितला.

बाहेर येताना मला म्हणाला, "तो दमलाय. आता तू पळव त्याला."

मी पळवलं. जिंकलो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. लोक असेच असतात.

अण्णांना ते काही पटलं नाही. "चांगला खेळू राहिला होता. हात कशाला वर केला?"

"माझं काम झालं होतं, अण्णा."

त्यानंतर अण्णा जेव्हा जेव्हा भेटले, तेव्हा त्यांनी मला हेच विचारलं. जसा काही हात मीच वर केला होता.

काल आयसीयूत डॉक्टर म्हणाले, आता व्हेंटिलेटर लावावा लागेल.

भास्करने कॉटवरून हात उचलला. थोडासाच.

सिस्टरला वाटलं, पाणी हवंय.

मला कळलं. अण्णांनाही कळलं. त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला.

"खाली घे, भास्कर. अजून लय टाईम हाय."

त्याने ऐकलं नाही. तेव्हा तरी कुठे अण्णांना विचारलं होतं.

बस, दोस्ता. दम खा.

अण्णांकडे मी बघतो.