इंग्रजी जमलं, पण यांचं नाव?

मंडळी, दुपारपासून एक धास्ती लागलीय, म्हणून इथे मन मोकळं करते.

यांच्या घशाच्या ऑपरेशनसाठी आम्हा दोघांना नाशिकहून चेन्नईला जायचंय. डॉक्टरांनी यांना बोलायला बंदी केलीय, म्हणजे तिथे हॉटेलवाल्यांशी इंग्रजीत मलाच बोलायचंय. आठवडाभर सूनबाई रिसेप्शनिस्ट आणि मी पाहुणी, अशी स्वयंपाकघरात तालीम चालली होती.

आज हॉस्पिटलजवळच्या हॉटेलला मीच फोन लावला. "आय वॉन्ट डबल रूम. ग्राउंड फ्लोअर, प्लीज." सगळं घडाघडा बोलले.

तिकडची मुलगी म्हणाली, "ओन्ली वन रूम लेफ्ट, मॅडम. युवर हजबंड्स नेम?"

झाली का पंचाईत! उखाण्याशिवाय यांचं नाव मी आजवर घेतलेलं नाही. हे समोर बसून नुसते हातवारे करताहेत.

सूनबाई कुजबुजली, "अहो आई, घ्या की नाव! खोली जाईल हातची."

"हॅलो? मॅडम?"

मी डोळे मिटले आणि म्हटलं, "रघुनाथ."

खोली मिळाली. हे तर चक्क लाजले!

माझी धास्ती मात्र गेली नाही. ऑपरेशननंतर भूल उतरताना पेशंटला नावाने हाक मारायला घरच्यांना सांगतात म्हणे. तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेल ना हो? तुमच्यापैकी कुणी मारलीय का अशी हाक?