राजसचा हात

राजससारखा नट सिडनीत दुसरा झाला नाही, असं श्रीरंगचं म्हणणं होतं. ते ऐकल्याशिवाय अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या इंडियन स्टोअरमधून कुणी भेंडी घेऊन बाहेर पडत नसे. श्रीरंग त्याच स्टोअरच्या गोदामात कामाला होता. शिक्षण बारावी, तेही कसंबसं. पण धाकटा भाऊ म्हणजे सोनं!

"शाळेच्या नाटकात झाड झाला होता," तो गिऱ्हाइकाला अडवून सांगायचा. "नुसतं झाड! तरी सगळं पब्लिक त्याच्याकडेच बघत होतं."

राजस सिडनीतच जन्मला. कॉलेज अर्धवट टाकून नाटकात शिरला. सकाळी कॅफेत कॉफी करायची, संध्याकाळी तालीम. मग तिथल्या टीव्ही सिरियलमध्ये नर्स झाला, मग एका नाटकात थेट हिरो. तोवर श्रीरंग लग्न करून बायकोमागे अमेरिकेत आला होता आणि आई-आप्पाही त्याच्याकडे राहायला आले होते.

आप्पा गेले ते भर जानेवारीत. राजसच्या नाटकाचे शेवटचे शो चालू होते. कंपनी छोटी, बदली नट नव्हता.

"रविवारचा शो झाला की निघतो दादा. थांबा माझ्यासाठी."

पण क्रिमेटोरियममध्ये शनिवारचीच वेळ मिळाली, नाहीतर थेट पुढचा आठवडा. इथे अग्नी द्यायचा म्हणजे भिंतीवरचं हिरवं बटण दाबायचं. ते श्रीरंगने दाबलं. थोरला मुलगा, त्याचाच मान. राजस पोचला तेव्हा अस्थींचा डबा गराजमध्ये शेल्फवर होता, घरात ठेवत नाहीत म्हणून. तो त्या थंडीत तिथेच खाली बसला. आई दोनदा चहा घेऊन गेली, दोन्ही कप तसेच गार झाले.

त्यानंतर वर्षभर त्याने स्टेजवर पाय ठेवला नाही. मग अमेरिकेतली एक सिरियल मिळाली. टेक्ससमध्ये अर्विंगजवळ शूटिंग, चार भागांचं काम. भूमिका मोटेलवाल्या देशी माणसाच्या मुलाची. चौथ्या भागात त्याचा बाप मरतो. तो भाग जमला तर पुढच्या सीझनला पक्का, नाहीतर काम संपलं, व्हिसा संपला, बॅग भरायची.

त्याच भागासाठी राजसचा फोन आला.

"दादा, येशील? क्रिमेशनचा सीन आहे. काय कसं करतात हे इथे कुणालाच माहीत नाही. आणि मी तर... यू नो, मी नव्हतो."

श्रीरंग लग्नातला ब्लेझर घालून विमानात बसला.

सेट म्हणजे पत्र्याची मोठी शेड. आत खोटी भिंत, खोटं बटण, पेटीत खरा म्हातारा नट डोळे मिटून पडलेला. श्रीरंगने सूत्रं हातात घेतली. "ओठांवर तुळस ठेवा. चेहरा शेवटपर्यंत झाकायचा नाही." डायरेक्टर बाई मान डोलावत होत्या. मध्येच तो त्यांना झाडाची गोष्टही सांगून आला.

शॉटच्या आधी राजस जवळ आला. "दादा, बटण दाबायच्या आधी तू काय करत होतास?"

"काय करणार? दाराकडे बघत होतो."

"का?"

"आई म्हणत होती, राजस येईल. मला माहीत होतं रे, तू कसला येतोस. तरी बघत होतो. मग तिथला माणूस म्हणाला, पुढची फॅमिली बाहेर थांबलीय. मग दाबलं."



कॅमेरा चालू झाला. राजस भिंतीपाशी गेला, हात उचलला आणि दाराकडे बघायला लागला. बघतच राहिला. काय नट आहे, श्रीरंगच्या मनात आलं, याला तोड नाही. बाईंनी कट म्हटलं. पुन्हा घेतलं. पुन्हा हात वर गेला आणि तसाच खाली आला. मग आणखी एकदा, आणि आणखी एकदा.

श्रीरंगने त्याला कोपऱ्यात ओढलं. "अरे वेड्या, खोटं बटण आहे! मागे वायरसुद्धा नाही, मी बघून आलोय. दाब आणि मोकळा हो. सगळं यावर आहे ना तुझं?"

"माहितीय दादा. होत नाहीये यार."

शेवटी लाइटवाल्यांतल्या एका सावळ्या माणसाला राजसचा कोट चढवला आणि नुसत्या हाताचा शॉट घेतला. राजस बाहेर पार्किंगमध्ये फुटपाथच्या कडेवर बसला होता. श्रीरंग शेजारी जाऊन बसला. त्याला सांगायला एकही गोष्ट आठवेना.

तो भाग लागला त्या संध्याकाळी श्रीरंगच्या बेसमेंटमध्ये सगळं मित्रमंडळ जमलं होतं. बटाटेवडे, मोठा टीव्ही. पुढच्या सीझनचा फोन आलाच नव्हता. राजसने टेक्ससहूनच सिडनीचं तिकीट काढलं होतं आणि ते फक्त श्रीरंगला माहीत होतं.

पडद्यावर राजसचा चेहरा आला, दाराकडे बघणारा. जेमतेम एक क्षण. लगेच हात आला, बटण दाबलं गेलं. कुणीतरी "वा!" म्हणालं.

सोफ्यावरून आई म्हणाली, "हा राजसचा हात नाही."

"काहीतरीच काय आई," श्रीरंग म्हणाला. "क्लोजअप आहे तो."

"मला कळत नाही होय? त्याने नाही दाबलं."

हातातले वडे हातातच राहिले. श्रीरंगने रिमोट उचलला, आवाज वाढवला आणि त्याच्याही वर ओरडून म्हणाला, "बघा! याला म्हणतात अ‍ॅक्टिंग! सख्ख्या आईला हात ओळखू आला नाही!"