खोब्रागडेभाऊ बर्फावर जातात आणि गावाच्या पोटात दुखतं

किस्से सांगायला बसलो की लोक म्हणतात, "कटेखाये, तुम्ही वाढवून सांगता." मी वाढवत नाही. उलट अर्धे गाळतो, कारण ते आठवले की मला नव्याने राग येतो आणि डॉक्टरांनी राग बंद सांगितलाय. पण तुमसर तालुक्यात मँगनीजच्या खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाने एकदा स्कीइंगला जायचं ठरवून बघावं. किस्से गोळा करावे लागत नाहीत, लोक घरपोच आणून देतात!

कोणती खाण ते विचारू नका. काश्मीरातलं ते बर्फाचं गाव कोणतं तेही सांगणार नाही, नाहीतर तुम्हीही निघाल.

आम्ही तिघे. मी अंडरग्राउंडला मेट, म्हणजे टोळीचा मुकादम. रहांगडाले इलेक्ट्रिशियन, वयाने लहान, मोबाइलमधून डोकं वर न काढणारा. आणि खोब्रागडेभाऊ, वाइंडर ड्रायव्हर. पोलादी दोराला पिंजरा टांगलेला असतो, त्यात आम्ही उभे राहतो, आणि वर इंजिनघरात बसलेला ड्रायव्हर घंटी ऐकून आम्हाला खाली सोडतो नि शिफ्ट संपली की वर ओढतो. खोब्रागडेभाऊंचा हात असा हलका की पिंजरा टेकलेला कळायचा नाही. दुसरा ड्रायव्हर असला की आमच्या गुडघ्यांना कळायचं.

इंजिनघराच्या दारावर पाटी आहे: 'ड्रायव्हरशी बोलू नये.' नियम आहे आणि बरोबर आहे. शेकडो फूट खाली माणसं लटकलेली असताना गप्पा मारायच्या नसतात. पण त्यामुळे झालं असं की खोब्रागडेभाऊंची सगळी नोकरी त्या पाटीमागे गेली. आम्ही वर यायचो, दिवा जमा करायचो, इंजिनघराकडे न वळता घरी जायचो.

*

सुरुवात टपरीवर झाली. रहांगडालेने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला होता. बर्फाचा डोंगर, रंगीत कपड्यांतली माणसं पायाला पट्ट्या बांधून घसरतायत, खाली हॉटेलांची रांग, गाणी, नाच, नुसता धिंगाणा. आम्ही सगळे त्या घसरणाऱ्यांकडे बघत होतो.

खोब्रागडेभाऊंनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "हे दोर कोन चालवून राहिला?"

तेव्हा आमचं लक्ष गेलं. मागे दोरावर लोंबकळत काचेच्या खोल्या वर चालल्या होत्या. खोलीत बसायचं, वर जायचं, आणि मग घसरत खाली यायचं.

"मले यात बसाचं आहे," खोब्रागडेभाऊ म्हणाले. "जिंदगीभर लोकायले दोरावर बसवलं. आपन कधी बसलो नाही. मी बसलो तं चालवन कोन?"

रहांगडाले म्हणाला, "मार्चमध्ये रिटायर होऊनच राहिले ना भाऊ. मंग आरामात जाऊ."

"नाही. नोकरीत असतानाच बसाचं आहे. रिटायर झालो का मी बी पॅसेंजर."

या माणसाने आजवर कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, जानेवारीत जायचं, स्कीइंगसकट जायचं, आणि कोण अडवतो ते बघतो. पुढे बघायला मिळालं. सगळेच अडवत होते.

*

पहिले साहेब. रजेचा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि हसायला लागले. हसत हसत खुर्ची मागे सरकली. मी समोर उभा, माझा जीव जळतोय.

"खोब्रागडे, या वयात लोक काशीला जातात."

खोब्रागडेभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, मी दरसाल दीक्षाभूमीले जातो. तिथं बर्फ नाही."

साहेबांचं हसू थोडं कमी झालं. मग त्यांनी अडचण काढली. ड्रायव्हरांची टंचाई आहे, जोडीचा ड्रायव्हर पण सुट्टीवर आहे. "तुम्ही गेलात तर माणसं खाली उतरतील कशी?"

"मी रिटायर झाल्यावर जशी उतरतीन, तशी."

साहेबांनी सही केली. पण बाहेर पडताना मला म्हणतात, "कटेखाये, तुम्ही त्यांना भरीला घालू नका." मी! त्या दिवशी जेवणात मला मीठ आहे की नाही तेही कळलं नाही.

*

मग तुमसरचा ट्रॅव्हल्सवाला. त्याच्या दुकानात बर्फाच्या डोंगराचं मोठं पोस्टर लावलेलं. मी पोस्टरवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "इथं जायचंय, स्कीइंगला."

तो म्हणाला, "काकाजी, तुमच्यासाठी वैष्णोदेवी बसवून देतो."

"आम्हाला स्कीइंगला जायचंय."

"मंग अमरनाथ? तिथं बी बर्फ आहे."

"स्कीइंग!"

"काकाजी, भंडारा जिल्ह्यातून ते कोनी करत नाही. गोंदियाचे लोक विचारतात कधीमधी. त्यायच्याकडे विमानाची धावपट्टी आहे ना."

आता तुम्हीच सांगा. भंडारा-गोंदिया जिल्हा एक होता तेव्हा ती धावपट्टी आमचीही होती की नाही? जिल्हा फुटला, धावपट्टी तिकडे गेली, भात गिरण्या तिकडे गेल्या, आमच्याकडे काय राहिलं तर पितळेची भांडी. आणि आता म्हणे बर्फावर घसरायचा हक्कही तिकडेच गेला! मी त्याला एवढं सुनावलं की शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले. रहांगडालेने मला हाताला धरून रस्त्यावर आणलं आणि तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर तिकिटं काढली. निघताना पोस्टरकडे बघून मी म्हणालो, "मग हे काय धूळ बसवायला लावलंय?"

*

घरचा किस्सा वेगळा. आमच्या सौभाग्यवतींनी तो व्हिडिओ पाहिला. डोंगर पाहिला नाही, घसरणारे पाहिले नाहीत, नेमका हॉटेलातला नाच पाहिला.

"हे बाया नाचून राहिल्या, हे पाहाले चालले का?"

मी शपथा घेतल्या. खोब्रागडेभाऊंची सगळी हकिकत सांगितली. ती ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "त्यायच्यासाठी जात असान तं जा. पन तिथं खाल काय?"

"मिळेल ते."

"पोळ्या खाऊन मरान तुमी." आणि तिने आमच्याकडच्या सुवासिक चिन्नोर तांदळाची थैली भरली. मी म्हणालो, अगं, विमानात वजन बघतात. तिने स्वेटर काढून ठेवला आणि तांदूळ आत घातला. बर्फात चाललेल्या माणसाचा स्वेटर!

पुढचं आताच सांगून टाकतो. काश्मीरातल्या हॉटेलवाल्याने पहिल्याच जेवणाला ताटात भाताचा डोंगर वाढला. सकाळी भात, संध्याकाळी भात, ते लोक भाताशिवाय राहतच नाहीत. मी लगेच घरी फोन लावला आणि जरा चढ्या आवाजात ही बातमी दिली.

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "चिन्नोर आहे का पन?"

*

आणि बपेऱ्याचा प्रसंग तर मी कोणाला सांगत नाही. पण निघालाच आहे विषय तर ऐका.

रहांगडालेने कुठेतरी वाचलं की स्कीइंगमध्ये आधी पडायला शिकतात. बाजूला पडायचं, हात खाली टेकायचे नाहीत, गुडघे वाकवायचे. आता भंडारा जिल्ह्यात पडायला शिकायचं कुठे? माझा साळा बपेऱ्याला शेती करतो, मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या हद्दीला लागून. धान कापून मळून झालं होतं, बांधावर तनसीचे मोठमोठे ढीग लागलेले. तनीस म्हणजे धानाचा पेंढा, तेवढी मऊ जागा आमच्याकडे दुसरी नाही.

आम्ही तिघे ढिगावर चढलो. रहांगडाले "एक, दोन" म्हणायचा आणि आम्ही कलंडायचो. मग उठून परत वर. खोब्रागडेभाऊ अगदी मन लावून पडत होते, प्रत्येक वेळी विचारत होते, "आता बराबर पडलो का?" केसांत, कानांत, बनियनमध्ये तनीस.

थोड्या वेळाने पाहतो तर बांधावर माणसं जमलेली. कोणी हसत नव्हतं, हेच वाईट होतं. एक म्हातारी माझ्या साळ्याला दिलाशाच्या सुरात म्हणाली, "राहू दे बापा, पडू दे. बालाघाटकडची पिऊन आले असतीन. संध्याकाळवरी उतरते."

मी थेंबाला शिवत नाही. सगळा तालुका साक्षीला आहे! मी ढिगावरून ओरडून म्हणालो, "आजी, आम्ही बर्फावर जायची प्रॅक्टिस करून राहिलो." म्हातारीने मान हलवली आणि साळ्याला म्हणाली, "लयच चढली दिसते."

साळ्याने त्यानंतर आम्हाला बपेऱ्याला बोलावलं नाही.

*

आता शेवटचं सांगतो.

पोचलो एकदाचे. व्हिडिओत होतं तसंच गाव. गाणी, शेगड्या, घोडेवाले, पोरापोरींचा कल्ला. स्कीच्या पट्ट्या भाड्याने घेतल्या. हेल्मेटला वेगळं भाडं म्हटल्यावर रहांगडालेने बॅगेतून खाणीची तीन हेल्मेटं काढली. शिकवणारा काश्मिरी पोरगा त्या हेल्मेटांकडे, पुढच्या दिवा अडकवायच्या खोबणीकडे बघत राहिला. त्याने काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.

दोराच्या स्टेशनवर भली मोठी रांग. आमचा नंबर आला, काचेची खोली समोर आली, आणि खोब्रागडेभाऊ बसेनात.

"पहले ड्रायव्हरले पाहू द्या."

मागची माणसं ओरडायला लागली. मी त्यांच्यावर ओरडलो. आम्ही पिंजऱ्यात पाय ठेवण्याआधी आज इंजिनावर कोण आहे ते विचारतोच, त्यात ओरडण्यासारखं काय आहे? शेवटी तिथल्या माणसाने वैतागून हात दाखवला. बाजूच्या काचेमागे एक पिकल्या दाढीचा माणूस, लोकरी टोपी घातलेला, यंत्रासमोर एकटा बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. खोब्रागडेभाऊ त्याच्याकडे बघत उभे राहिले, मग हेल्मेट सारखं केलं आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले. आम्ही मागोमाग.

खोली उचलली गेली. खाली देवदार, चहूकडे पांढरे डोंगर, ऊन असं की डोळे दिपावेत. मी काचेला नाक लावून बसलो. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते दोन्ही पाय जमिनीला टेकवून, डोळे मिटून बसलेले!

"भाऊ, पाहा ना, बर्फ," रहांगडाले म्हणाला.

"गप रे."

पूर्ण रस्ता असेच. वर पोचलो, उतरलो. मी मुद्दाम थांबलो, जरा वेळ दिला, मग विचारलं, "कसं वाटलं खोब्रागडेभाऊ?"

त्यांनी मागे वळून दोराकडे पाहिलं. "चांगला हात आहे. खांबापाशी जरासा झटका देते. तेवढं सोडलं तं लय चांगला हात आहे."

आणि आपल्या पट्ट्या माझ्या हातात दिल्या आणि खाली जाणाऱ्या खोलीकडे निघाले.

"आता कुठं?"

"खाली. हात चांगला आहे, त्याले सांगून येतो."

माझा पारा चढला. साहेबाचं हसणं सोसलं, तुमसरच्या दुकानात तमाशा केला, बपेऱ्यात दारुड्या ठरलो, स्वेटर सोडून तांदूळ वाहिले, ते काय यासाठी? "आपण स्कीइंगले आलो ना भाऊ! आन् तिथं तुम्हाले कोणी जाऊ देणार नाही. तिथं बी पाटी असन!"

ते आत जाऊन बसले होते.

"असनच ना," ते म्हणाले. "म्हनूनच त्याले कोनी सांगतलं नसन."

दार लागलं.