कच्चं शूटिंग

पेठ रोडवर राहणाऱ्या चंदरने वीस वर्षांत शेकडो लग्नांचं शूटिंग केलं आणि प्रत्येक लग्नाचा आवाज स्वतःच्या हाताने पुसला. धंद्याची रीतच ती. मंडपातला गलका काढायचा, वरून सिनेमाची गाणी चढवायची, की गिऱ्हाईक खूश. त्या गलक्यातच त्याची आई चिमणाबाई गायची. पेठकडच्या पाड्यांवर लग्नं लावणारी ती धवलेरी. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा चंदरने जुन्या सीड्या काढल्या. आई सगळीकडे होती. तोंड हलत होतं, आवाज मात्र कुठल्या तरी हिरॉइनचा.

एकच आशा उरली होती: बहिणीच्या, कलाच्या लग्नाचं शूटिंग. गिऱ्हाईक घरचं, म्हणून या शहाण्याने एडिटिंग आज करू, उद्या करू म्हणत अठरा वर्षं काढली होती. कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला, पण त्याची हार्ड डिस्क चंदरने फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती.

त्या डिस्कची रुंद जोडणी नव्या कॉम्प्युटरला नव्हतीच. दुरुस्तीवाल्या साधनाताईंनी मध्ये एक डबी जोडली, डिस्कला वेगळी वीज दिली. डिस्क घरघरली, पडद्यावर काही येईना. चंदर टेबलावर पुढे वाकला.

"गेली का हो ताई?"

"थांबा ओ, घाई नका करू."

डिस्कच्या मागच्या पिनांवर एक इवलीशी टोपी होती; ती चुकीच्या पिनांवर असली, की कॉम्प्युटरला डिस्क ओळखू येत नाही. ताईंनी ती चिमट्याने काढून शेजारच्या पिनांवर बसवली आणि पुन्हा वीज दिली. पडद्यावर फोल्डर आलं. नाव होतं, 'कला हळद'.

आई गात होती, तिच्या स्वतःच्या आवाजात. या आवाजासाठी तो वर्षभर आसुसला होता. दुसरं कडवं सुरू झालं, तोच कॅमेऱ्यामागून त्याचाच तरुण, वैतागलेला आवाज आला, "आये, उगा कशाला घसा फोडते? मी आवाज काढूनच टाकणार हाय."

आईने कॅमेऱ्याकडे पाहिलं. हसली. "बरं बाबा, हळू म्हणते."

पुढचं सगळं गाणं ती पुटपुटल्यागत गायली. चंदरने आवाज होता तेवढा वाढवला आणि स्पीकरला कान लावून बसला.