लाटेचा ठेका

नव्वदच्या दशकात माझ्या नवऱ्याने वाशीच्या घरी सुट्या भागांचा सिंथेसायझर जोडला होता. वायरींची जोडणी बदलली की आवाज बदलायचा. दिवाळे गावातल्या एका हळदीत तो वाजवायची त्याला पहिली संधी मिळाली. त्याने रेडिओसारखी नुसती खरखर फिल्टरमधून सोडली, फिल्टरला संथ चढउतार जोडून ती हळूहळू वाढवली-ओसरवली आणि समुद्राच्या लाटेचा हुबेहूब आवाज काढला.

नवरीची आत्या म्हणाली, "दर्या त आमी रोजच आयकतो, दादा. नाचाचा कशावर?"

बायका हसल्या. नवरा घाईने वायरी उपटायला लागला.

"काढू नकोस, चढउताराचा वेग वाढव," मी म्हटलं. वेग वाढवला की काय होतं, ते घरी पोळ्या लाटताना मी ऐकलं होतं.

त्याने बटण फिरवलं. लाटेचे तुकडे पडले आणि छक-छक ठेका सुरू झाला.

आत्याने पदर खोचला. "आता थांबलास त बघ!"